हप्ता चुकला तर? बिदर-कलबुर्गी सीमाभागातील कर्जदारासाठी कायद्याची वाट

औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद तालुक्यातील एखाद्या घरी टपालाने बँकेचे पाकीट येते. आतील मजकूर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. घरातील वडीलधारी माणसे मराठी वाचणारी, मुले पुण्याला किंवा हैदराबादला. पाकीट देव्हाऱ्यामागे किंवा कपाटात ठेवले जाते आणि ‘गावी आल्यावर दादाला दाखवू’ असे ठरते. दादा येईपर्यंत दीड महिना उलटलेला असतो आणि नोटिशीला उत्तर देण्याची साठ दिवसांची मुदत सरत आलेली असते. कर्ज थकल्याने जे नुकसान होते, त्यात या न वाचलेल्या पाकिटांचा वाटा मोठा असतो. हप्ता चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंत काय घडते, कोणत्या टप्प्यावर कर्जदाराच्या हाती काय असते आणि कोणत्या गोष्टी कोणालाही करता येत नाहीत, याची क्रमवार माहिती येथे दिली आहे.

पहिले नव्वद दिवस

हप्त्याच्या तारखेला दिवसअखेर रक्कम जमा झाली नाही, की त्याच दिवशी खाते ‘थकीत’ होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा खात्याची तीन पायऱ्यांत नोंद होते. पहिल्या तीस दिवसांची पायरी ‘एसएमए-शून्य’, तीस ते साठ दिवसांची ‘एसएमए-एक’ आणि साठ ते नव्वद दिवसांची ‘एसएमए-दोन’. नव्वद दिवस उलटूनही थकबाकी राहिली, की खाते अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’ ठरते.

एक उदाहरण घेऊ. घरकर्जाचा हप्ता ५ जूनला होता आणि तो भरला गेला नाही. खाते त्याच दिवशी पहिल्या पायरीवर येते, ५ जुलैला दुसऱ्या आणि ४ ऑगस्टला तिसऱ्या. ३ सप्टेंबरला ते एनपीए होते. जुलै आणि ऑगस्टचे हप्ते भरले, जूनचा तेवढा राहिला, असे सहसा घडत नाही. कारण आलेली रक्कम सर्वांत जुन्या थकबाकीत आधी जमा केली जाते. म्हणून एक हप्ता मागे राहिलेला कर्जदार दरमहा पैसे भरत असला, तरी कायम तीस दिवस मागेच राहतो.

दोन बाबी फारशा कोणी सांगत नाही. खाते एकदा एनपीए झाले, की एखादा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. मुद्दल आणि व्याज यांची सगळी थकबाकी भरावी लागते. शिवाय हे वर्गीकरण खात्याचे नसून कर्जदाराचे असते. ट्रॅक्टरचे कर्ज एनपीए झाले, तर त्याच बँकेतील त्याच व्यक्तीचे नियमित चाललेले घरकर्जही एनपीए धरले जाते. त्या बँकेत ठेव किंवा बचत खाते असेल, तर करारातील अटींनुसार ती रक्कम थकबाकीकडे वळती करून घेण्याचा अधिकार बँक वापरू शकते.

दंडाच्या बाबतीत अलीकडे कर्जदाराच्या बाजूने बदल झाला आहे. पूर्वी चुकलेल्या हप्त्यावर ‘दंडव्याज’ लागे, ते मुद्दलात मिळत जाई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बंद केली. बँकांसाठी व वित्तसंस्थांसाठी हा नियम नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आता आकारता येते ते ‘दंडशुल्क’. ते वाजवी असले पाहिजे, करारात आधी नमूद असले पाहिजे आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. खातेउताऱ्यात अजूनही दंडव्याज असे शब्द आणि चढती रक्कम दिसत असेल, तर लेखी विचारणा करावी.

पीककर्जाचे मोजमाप निराळे

शेतकऱ्याच्या पीककर्जाला नव्वद दिवसांचा नियम लागत नाही. तेथे हिशेब पिकाच्या हंगामांचा असतो. कमी मुदतीच्या पिकासाठी घेतलेले कर्ज दोन हंगाम थकले, तर ते एनपीए होते. दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी ही मर्यादा एका हंगामाची आहे. कोणते पीक कोणत्या गटात आणि हंगाम कधी संपला असे मानायचे, हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते.

ही सवलत पाहून ‘अजून वेळ आहे’ असे समजणे मात्र महागात पडते. एनपीए होण्याच्या कितीतरी आधी व्याजाची सवलत हातची जाते. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला सात टक्के व्याज असते आणि वेळेत फेडणाऱ्यास तीन टक्क्यांची सूट मिळून ते चार टक्क्यांवर येते. कर्नाटक सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सहकारी संस्थांमार्फत मिळणाऱ्या बिनव्याजी अल्पमुदत कर्जाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. तीन टक्के दराच्या मध्यम व दीर्घ मुदत कर्जाची मर्यादा दहा लाखांवरून पंधरा लाखांवर गेली. या दोन्ही सवलती मुदतीत फेडणाऱ्यांसाठीच आहेत. मुदतीची तारीख चुकली, की बिनव्याजी कर्ज सव्याजी होते.

अतिवृष्टी किंवा अवर्षण झाले, तर निराळा मार्ग खुला होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेच्या पुराने आणि सततच्या पावसाने कलबुर्गी, बिदर व शेजारच्या जिल्ह्यांत तूर, सोयाबीन, उडीद, मूग या पिकांची हानी झाली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीकहानी झाली असेल, तर पीककर्जाचे रूपांतर मुदतकर्जात करून फेडीस अधिक काळ देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. हानी ३३ ते ५० टक्के असल्यास दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्क्यांहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. त्यात पहिले एक वर्ष वसुली थांबवलेली असते. हे पुनर्गठन आपोआप घडेल या भरवशावर राहू नये. आपत्ती जाहीर झाल्यावर शाखेत लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.

घर किंवा दुकान तारण असेल तर

तारण मालमत्तेच्या वसुलीसाठी बँकांच्या हाती असलेला सर्वांत धारदार कायदा म्हणजे २००२ चा ‘सरफेसी’ कायदा. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार त्याने बँकांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘मार्डिया केमिकल्स’ प्रकरणात हा कायदा मुख्यतः वैध ठरवला. सहकारी बँकांना तो लागू होतो की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. त्याचा निकाल मराठी मुलखातील एका बँकेच्या प्रकरणातच लागला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सांगितले. बँक नसलेल्या पतसंस्थांना मात्र तो वापरता येत नाही. बिगरबँक वित्तसंस्थांपैकी ज्यांची मालमत्ता शंभर कोटींहून अधिक आहे, त्यांना वीस लाख व त्यावरील कर्जांसाठी तो वापरता येतो.

या कायद्याची वाट ठरलेली आहे.

पहिला टप्पा मागणी नोटिशीचा. खाते एनपीए झाल्यावर कलम १३(२) अन्वये साठ दिवसांची नोटीस येते. थकबाकी किती आणि तारण कोणते, हे तीत असले पाहिजे. ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या संमतीशिवाय ती मालमत्ता विकता किंवा भाड्याने देता येत नाही. कर्जदाराला आक्षेप नोंदवण्याचा अधिकार आहे आणि त्यावर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. रक्कम चुकीची आहे, भरलेले हप्ते धरलेले नाहीत, तारण शेतजमीन आहे, असे जे काही म्हणायचे ते याच वेळी लेखी म्हणावे.

दुसरा टप्पा ताब्याचा. साठ दिवसांत रक्कम भरली नाही, तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. बहुतेकदा तो आधी प्रतीकात्मक असतो. दारावर नोटीस लागते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वृत्तपत्रांत छापली जाते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. घर रिकामे करून घेण्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते व त्यांच्या आदेशाने पोलिसांच्या उपस्थितीत प्रत्यक्ष ताबा घेतला जातो. असा आदेश नसताना दोन-चार माणसे येऊन कुलूप लावू लागली, तर ती बेकायदा कृती आहे.

तिसरा टप्पा विक्रीचा. विक्रीपूर्वी तीस दिवसांची नोटीस, मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत आणि त्यावर ठरलेली राखीव किंमत, हे सारे आवश्यक आहे. राखीव किमतीहून कमी दराने विकायचे, तर कर्जदाराचीही संमती लागते. विक्रीतून देणे फिटून काही उरले, तर ती रक्कम मालकाची. देणे पुरे फिटले नाही, तर उरलेल्या रकमेसाठी बँक ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. ‘घर गेले म्हणजे कर्ज सुटले’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मालमत्ता सोडवून घेण्याची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) नुसार सर्व देणे भरून तारण सोडवण्याचा अधिकार लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ‘बाफना मोटर्स’ प्रकरणात हे ठामपणे सांगितले. लिलावाच्या दिवशी पाहुण्यांकडून पैसे गोळा करून पोहोचलेल्याला त्यामुळे उशीर झालेला असतो.

बँकेची कृती चुकीची वाटल्यास कलम १७ खाली ४५ दिवसांच्या आत ऋणवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आपल्या भागासाठी हे न्यायाधिकरण बेंगळुरूला आहे. बिदरहून तेथे जाणे म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि वकिलाचा खर्च. म्हणून पहिल्या टप्प्यावरील लेखी आक्षेपाचे मोल येथील कर्जदारासाठी अधिकच आहे. उच्च न्यायालयाचे कायम खंडपीठ २०१३ पासून कलबुर्गीला असले, तरी कायद्याने दिलेला न्यायाधिकरणाचा मार्ग सोडून थेट तेथे गेलेल्या अर्जांना सहसा प्रतिसाद मिळत नाही.

शेतजमिनीचे संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

सरफेसी कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमिनीला या कायद्यातून वगळले आहे. तूर किंवा ऊस असलेले रान बँक या कायद्याने ताब्यात घेऊ शकत नाही. एक लाखापेक्षा कमी रकमेच्या तारणाला आणि मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी थकबाकी उरलेल्या कर्जालाही हा कायदा लागू नाही.

या संरक्षणाला दोन कडा आहेत. पहाणीवर ‘शेती’ लिहिलेले असणे पुरेसे नाही, जमीन प्रत्यक्ष कसली जात असली पाहिजे. ते सिद्ध करण्याची जबाबदारी कर्जदारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. जमीन बिगरशेती करून प्लॉट पाडले असतील किंवा तीवर गोदाम बांधले असेल, तर सवलत टिकणे कठीण. दुसरे असे की सूट या एका कायद्यापुरती आहे, वसुलीपासून नव्हे. बँक दिवाणी दावा लावू शकते आणि रक्कम वीस लाखांवर असेल, तर न्यायाधिकरणात जाऊ शकते. कर्नाटकाच्या १९७४ च्या कृषी पतपुरवठा कायद्याखालीही तिला वसुली मागता येते. याच कायद्याने शेतकऱ्याच्या घोषणापत्रावर जमिनीवर बोजा चढतो आणि तो पहाणीत दिसतो. कर्ज फेडल्यावर बोजा आपोआप उतरेल असे धरून चालू नये. बेबाकी दाखला घेऊन तो उतरवून घ्यावा व नवी पहाणी काढून खात्री करावी.

गावची सोसायटी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांची वाट निराळी आहे. १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७० खाली थकबाकीचा वाद सहकार निबंधकांपुढे जातो. तेथील निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि सहकार खात्याचा विक्री अधिकारी जप्ती व लिलाव करू शकतो. लोक ज्यांना अजून भूविकास बँक किंवा पीएलडी बँक म्हणतात, त्या दीर्घमुदत कर्ज देणाऱ्या सहकारी बँकांना याच कायद्यात विक्रीचे विशेष अधिकार आहेत. निबंधकांची नोटीस आली, की तारखेला हजर राहावे. गैरहजेरीत एकतर्फी निवाडा होतो आणि तो बदलून घेणे अवघड असते.

दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला, तरी सगळेच जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याची अवजारे, कामाची जनावरे, आवश्यक बियाणे, तो राहत असलेले घर आणि घरातील आवश्यक कपडे-भांडी यांना जप्तीतून वगळले आहे. नोकरदाराच्या पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश, तसेच सरकारी निवृत्तिवेतन यांनाही संरक्षण आहे. मात्र जे घर स्वतःहून गहाण टाकले आहे, त्याला ही ढाल लागत नाही.

सोने आणि ट्रॅक्टर

सोनेतारण कर्जात मुदत संपल्यावर नोटीस देऊन दागिन्यांचा लिलाव करता येतो. त्याची जाहिरात दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात द्यावी लागते. देणे फिटून उरलेली रक्कम कर्जदाराला परत मिळालीच पाहिजे. पुष्कळ जण ती मागतच नाहीत. लिलावाचा हिशेब मागणे हा कर्जदाराचा हक्क आहे. दरवर्षी फक्त व्याज भरून कर्ज पुढे ढकलणाऱ्यांनी पावतीवरील नवी मुदत तपासून पाहावी.

ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा टेम्पो वित्तसंस्थेकडे नजरतारण असतो. करारात ताबा घेण्याची अट असते. पण बळाने, रस्त्यात अडवून, दांडगाई करून वाहन ओढून नेणे कायद्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात वसुलीसाठी गुंडांचा वापर करणाऱ्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. वाहन दिल्यास त्याच्या स्थितीची, आतील सामानाची व किलोमीटरची नोंद असलेली पावती घ्यावी.

बचतगट, मायक्रोफायनान्स आणि दारावरची वसुली

बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने महिला बचतगटांना बँककर्जाशी जोडण्याचे जे काम केले, त्याची दखल देशभर घेतली गेली. गटकर्जात परस्परविश्वास हेच तारण असते. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांनीही हाच साचा उचलला, पण आठवड्याच्या हप्त्याने आणि एकाच बाईच्या नावावर तीन-चार कंपन्यांच्या कर्जाने त्याचे ओझे झाले. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकात वसुलीच्या छळाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या. राज्य सरकारने अध्यादेश काढला व १२ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यपालांनी त्यावर सही केली. पुढे विधिमंडळाने त्याचा कायदा केला. नोंदणी न केलेल्या सावकारी व सूक्ष्मकर्ज संस्थांना त्याने वेसण घातली. जबरदस्तीच्या वसुलीसाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका व वित्तसंस्थांना मुख्यतः रिझर्व्ह बँकेचेच नियम लागतात. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले बिनतारण कर्ज सूक्ष्मकर्ज मानले जाते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. वसुली ठरलेल्या जागीच व्हावी. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तेथे आला नाही, तरच कर्मचाऱ्याने घरी जावे. सकाळी नऊच्या आधी व सायंकाळी सहानंतर फोन करणे, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव चारचौघांत जाहीर करणे, हे सारे निषिद्ध आहे. इतर कर्जांच्या बाबतीत फोनची वेळ सकाळी आठ ते सायंकाळी सात आहे. रेशनकार्ड, आधार किंवा एटीएम कार्ड काढून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही.

सावकार, आडत्या आणि मुदतखरेदी

बँकेच्या हप्त्यासाठी सावकाराकडे जाणे ही या भागातील जुनी खोड. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः खतांवर व वह्यांवर होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि तो सोलापूरपर्यंत लागू झाला. शेजारचा निजामाचा मुलूख, म्हणजे आजचे बिदर आणि कलबुर्गी, त्याच्या कक्षेबाहेर होता. आज येथे १९६१ चा कर्नाटक सावकारी कायदा आणि अवाजवी व्याजाला मनाई करणारा २००४ चा कायदा लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे.

सर्वांत मोठा धोका कागदाच्या प्रकारात असतो. गहाणखत नोंदवले, तर जमीन सोडवण्याचा हक्क कायम राहतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० ने तो दिला आहे. ताबेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात असली, तरी केवळ तीस वर्षे उलटली म्हणून ती त्याची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. पण बहुतेक ठिकाणी गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करून घेतले जाते आणि ‘पैसे दिलेस की परत लिहून देतो’ असे तोंडी सांगितले जाते. तोंडी शब्दावर असे खत करून देऊ नये. परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल, तर कायदा ते गहाण मानत नाही.

सीमेवरच्या गावांत आणखी एक गुंता असतो. शेत कर्नाटकात, कर्ज उदगीर किंवा उमरग्याच्या संस्थेचे. बेकायदा सावकाराने पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद असलेला महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा महाराष्ट्रापुरता आहे, कर्नाटकातील जमिनीला तो उपयोगी नाही. कर्जमाफीचेही तसेच. महाराष्ट्राच्या २०१७ व २०१९ च्या आणि कर्नाटकाच्या २०१७ व २०१८ च्या योजना त्या त्या राज्यापुरत्याच होत्या. बहुराज्य पतसंस्थेचे कर्ज असेल, तर वाद २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली लवादाकडे जातो. तेव्हा सही करण्यापूर्वी लवादाचे ठिकाण कोणते लिहिले आहे, ते पाहावे.

चेक, जामीनदार आणि वारस

कर्ज फिटले नाही म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. ऐपत असूनही हुकूमनाम्याची रक्कम हेतुपुरस्सर चुकवणाऱ्यालाच दिवाणी कैद होऊ शकते, गरिबीमुळे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. चेकचे मात्र वेगळे आहे. चेक वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो. चेक परतल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरण्याची संधी, असा क्रम आहे. त्या पंधरा दिवसांत पैसे भरले, तर खटला उभा राहत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परतला, तरी २००७ च्या कायद्याखाली अशीच तरतूद आहे. सही करून दिलेला कोरा चेक ‘फक्त तारणापुरता’ होता, हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. भावकीतील शब्दाखातर केलेली सही म्हणूनच जड जाते. त्याने रक्कम भरली, तर कर्जदाराकडून ती वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. त्याच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरती त्याची सुटका होऊ शकते. कर्जदार वारला, तर वारसांवर देणे येते ते वारशाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. कर्जासोबत विमा काढला होता का, हे अशा वेळी आधी तपासावे.

तडजोड, लोकअदालत आणि तक्रार

एनपीए झालेल्या कर्जात बँका एकरकमी तडजोड करतात. तो कर्जदाराचा हक्क नाही, बँकेचा निर्णय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरी अर्ज करण्यास कोणाची आडकाठी नाही. तडजोडीने मिटलेले कर्ज पतअहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढील कर्जाला ते आड येते. आपला पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यातील चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

बिदर आणि कलबुर्गी येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या लोकअदालतीत बँकांची प्रकरणे मोठ्या संख्येने येतात. तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून झेपेल तीच रक्कम आणि तारीख कबूल करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे नागरिक यांना याच प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बँकेच्या वागणुकीबद्दल आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. विलंब झाल्यास दररोज पाच हजार रुपयांची भरपाई बँकेने द्यावयाची असते.

भाषेचा प्रश्न

वित्तसंस्थांच्या न्याय्य व्यवहार संहितेत कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, असे म्हटले आहे. कर्ज घेतानाच ‘मला मराठी समजते, अटी मराठीत समजावून द्या’ असे लेखी मागण्यास हरकत नाही. सही करताना ‘मजकूर मराठीत वाचून दाखवला’ असा शेरा छापलेला असेल आणि तसे घडले नसेल, तर तो खोडण्यास सांगावे. कन्नड किंवा इंग्रजी नोटीस आली, तर गावातील शिक्षक, ग्रंथपाल, वकील किंवा विधी सेवा केंद्र यांच्याकडून त्याच आठवड्यात ती समजून घ्यावी. पाकिटावरील टपाल शिक्का जपून ठेवावा.

घरात एक फाइल असावी. तीत कर्जमंजुरीचे पत्र, करारनामा, प्रत्येक हप्त्याची पावती, वर्षाचा खातेउतारा, विम्याचा कागद, ताजी पहाणी आणि आलेल्या प्रत्येक नोटिशीची प्रत असावी. हप्ता चुकणार असे दिसू लागले, की चुकण्यापूर्वीच शाखाधिकाऱ्याला भेटून मुदतवाढीचा अर्ज द्यावा. पहिल्या नव्वद दिवसांत बँकेलाही खाते एनपीए होऊ द्यायचे नसते. त्या काळात केलेल्या विनंतीला जो मान मिळतो, तो पुढे मिळत नाही.

आणि घरात कोणी कर्जाच्या काळजीने अबोल झाले असेल, झोप उडाली असेल, तर हिशेब नंतर, आधी त्या माणसाजवळ बसावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही मार्ग उरतो. तो शोधायला माणूस घरात असला पाहिजे.